सव्वा तास आणि एक रात्र

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात सामान्यज्ञान स्पर्धा झाली. मी भूगोल विषयाची विद्यार्थिनी असल्याने आमच्या गटात माझी निवड झाली होती. तिसऱ्या फेरीत प्रश्न आला, ‘लंडन ते पॅरिस या प्रवासास विमानाने किती वेळ लागतो?’ समोरच्या गटातील मुलाने क्षणाचाही विलंब न लावता ‘सव्वा तास’ असे उत्तर दिले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक म्हणून एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी हातातला कागद खाली ठेवला व सर्वांनाच उद्देशून विचारले, ‘बरे, मग आपल्या मुरुडहून मुंबई किती लांब?’

सभागृह शांत झाले. कोणी चारशे म्हणाले, कोणी सहाशे. तेवढ्यात दाराशी पाण्याची घागर घेऊन उभे असलेले आमचे शिपाईमामा म्हणाले, ‘एक रात्र, सर.’ सगळे हसले. मीही हसले. मामांच्या उत्तराला अर्थातच गुण मिळाले नाहीत.

घरी परतताना मात्र ते उत्तर माझ्या मनातून जाईना. मामांनी किलोमीटर सांगितले नाहीत, तरी त्यांचे उत्तर चूक होते असे मला म्हणवेना. संध्याकाळी जेवून निघायचे, रात्र गाडीत काढायची आणि उजाडल्यावर मुंबईत उतरायचे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. आपल्या जुन्या माणसांची अंतर मोजण्याची रीतच ती. गाव हाकेच्या अंतरावर असते, शेत दोन बिड्यांच्या वाटेवर असते, पंढरपूर इतक्या मुक्कामांवर असते. ‘मजल’ या शब्दाचा अर्थच मुळी एका दिवसात चालून होणारी वाट. कोस हे माप होते खरे, पण प्रत्येक मुलखाचा कोस वेगळा आणि थकलेल्या माणसाचा कोस आणखी वेगळा. तेव्हा मामांनी केले ते इतकेच, की अंतर विचारल्यावर वेळ सांगितला. स्पर्धेतल्या मुलानेही वेळच सांगितला होता. एकाला टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला हसू.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून नकाशांचे पुस्तक घेतले आणि पट्टी लावली. लंडन ते पॅरिस सरळ रेषेतले अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. मुरुड ते मुंबई सरळ रेषेत तीनशे साठ-पासष्टच्या आसपास भरते. म्हणजे पक्ष्याच्या वाटेने पाहिले तर ही दोन अंतरे जवळजवळ सारखीच! लंडन व पॅरिस यांच्यामध्ये समुद्र आहे, दोन देशांची सरहद्द आहे, दोन भाषा आहेत. मुरुड आणि मुंबई यांच्यामध्ये बालाघाटचे डोंगर, भीमेचे खोरे आणि सह्याद्रीचा एक घाट, एवढेच. राज्य एक, भाषा एक. तरी तेथे सव्वा तास आणि येथे एक रात्र. हा फरक कोठून आला, हे शोधावे असे मला वाटले. या लेखाचे कारण तेच.

प्रथम त्या सव्वा तासाची चौकशी करू. इ. स. १९०९ च्या २५ जुलैला लुई ब्लेरियो या फ्रेंच माणसाने काले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडली. त्याला सुमारे ३७ मिनिटे लागली. पुढे दहा वर्षांनी, महायुद्ध संपल्यावर, २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळापर्यंत रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या दिवशीच्या त्या विमानात एकच प्रवासी होता. बाकी वर्तमानपत्रे, दुधाची साय आणि असाच काही माल. वेळ लागला अडीच तासांच्या सुमारास. आता शंभरावर वर्षे उलटून गेली. विमाने कितीतरी वेगवान झाली, तरी वेळापत्रकातला वेळ अडीच तासांवरून सव्वा तासावर आला, इतकेच.

पण हा सव्वा तास तरी खरा आहे काय? लंडनचा हीथ्रो विमानतळ शहराच्या मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे, पॅरिसचा मोठा विमानतळही तितकाच दूर. दोन तास आधी हजर राहायचे, सामान तपासून घ्यायचे, पारपत्र दाखवायचे, उतरल्यावर पुन्हा रांगेत उभे राहायचे. ही सगळी बेरीज केली तर लंडनच्या घरातून पॅरिसच्या घरात पोहोचायला साडेचार-पाच तास सहज जातात. शिवाय एक गंमत आहे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे लंडनहून दहाला निघालेला माणूस पॅरिसला सव्वाबाराला उतरतो, आणि पॅरिसहून दहाला निघालेला लंडनला सव्वादहालाच उतरतो! नुसते तिकीट पाहिले तर एका वाटेला सव्वादोन तास व दुसऱ्या वाटेला पंधरा मिनिटे. स्पर्धेत हा प्रश्न विचारला असता तर आमचा गट नक्की जिंकला असता. असो.

म्हणूनच की काय, त्या दोन शहरांतले लोक विमान सोडून पुन्हा आगगाडीकडे वळले. १९९४ साली खाडीच्या तळाखालून पन्नास किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला आणि त्यातून लंडन–पॅरिस गाडी धावू लागली. पुढे रूळ सुधारले तसा तिचा वेळ सव्वादोन तासांच्या आसपास आला. गाडी शहराच्या मध्यातून निघते व शहराच्या मध्यातच पोहोचते. विमानाचा वेळ कागदावर एक तासाने कमी असूनही या दोन शहरांमधले बहुसंख्य प्रवासी गाडीने जातात. फ्रान्समध्ये तर याहून पुढची गोष्ट घडली. जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानेच २०२३ च्या मे महिन्यात तेथील सरकारने बंद केली. पॅरिसहून लिऑं, नांत व बोर्दो या शहरांना जाणारी काही विमाने अशी थांबली. पॅरिस–लिऑं हे सरळ अंतर ३९० किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे लातूर ते मुंबईइतके! आपण ज्याची स्वप्ने पाहतो ते त्यांनी कायद्याने बंद केले, कारण त्यांच्याकडे दोन तासांची आगगाडी होती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भागाला आगगाडी काही नवी नाही. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभारली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला, १९११ साली ती लातूरला पोहोचली व १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. अडीच फुटांचा चिमुकला रूळमार्ग. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आपण निजामाच्या, त्यामुळे एकाच छोट्या गाडीने दोन राज्ये जोडली होती. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. लंडन–पॅरिसच्या पारपत्राचे आपल्याला नवल वाटते, पण आपल्या पणजोबांनी बार्शीच्या बाजाराला जाताना तेच सोसले आहे.

या कालथ्रॉपची एक हकीकत मला वाचनात सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. चार्ल्स रोल्स या वैमानिकाशी त्याची मैत्री होती. याच रोल्सने जून १९१० मध्ये तीच इंग्लिश खाडी विमानाने न थांबता जाऊन-येऊन ओलांडली आणि पुढच्याच महिन्यात तो विमान कोसळून मरण पावला. मित्राच्या मृत्यूनंतर कालथ्रॉपने वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला व ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री बनवली. आपल्या दारातला रूळ आणि लंडन–पॅरिसच्या वाटेवरचे आकाश यांना जोडणारा माणूस एकच निघावा, याची मला मोठी मौज वाटली. त्याने आपल्याला गाडी दिली ती मात्र सावकाशीची. आमचे आबा सांगतात, चढावर गाडी आली की पोरे खाली उतरत, बांधावरची बोरे खिशात भरत आणि पुन्हा चढून बसत. यात थोडी तिखटमीठ असेल. पण कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीत बसण्याचा सोपस्कार, पोती-बोचकी डोक्यावर घेऊन फलाट बदलणे, हे काही कल्पित नाही. तो २००७–०८ च्या सुमारास रूळ रुंद होईपर्यंत चालू होता. पॅरिसच्या लोकांना दोन तासांत लिऑंला नेणारी गाडी त्याच्या पाव शतक आधीपासून धावत होती.

रूळ रुंद झाले आणि लातूरहून मुंबईला थेट गाडी मिळाली, ही मी फार मोठी गोष्ट समजते. मामांची ‘एक रात्र’ ती हीच. तिच्याविषयी लोकांना किती जिव्हाळा आहे हे २०१७ साली दिसले. ही गाडी आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत नेण्याचे ठरले, तेव्हा लातुरात आंदोलने झाली. बीदरच्या लोकांचा त्यात काय अपराध? त्यांनाही मुंबई लांबच आहे. पण एका गाडीवर दोन जिल्ह्यांची भिस्त असली म्हणजे शेजारीही परके वाटू लागतात. आता मुरुड आणि लातूर यांच्या मधल्या हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. २०२० च्या डिसेंबरात तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. डबे बनतात शेजारी आणि जागेसाठी आपण महिना महिना आधी धडपडतो.

या रुळांवरून झालेला एक प्रवास मी विसरू शकत नाही. मी पाचवीत होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ११ एप्रिलला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली गाडी मिरजेहून निघाली व दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढच्या एका फेरीच्या वेळी आम्ही मुले रुळाशेजारी उभी राहून ती गाडी पाहत होतो. आमच्या घरीही हंड्यांची रांग होती, पण ते पाणी लातूरचे होते, आमच्यासमोरून ते नुसते जात होते. परवा नकाशा पाहताना माझ्या लक्षात आले, की मिरज ते लातूर हा त्या गाडीचा मार्ग ३४२ किलोमीटरचा होता. लंडन–पॅरिस ३४४! मी पट्टी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. तितक्याच अंतरावर एके काळी विमानाने दुधाची साय गेली होती.

या पार्श्वभूमीवर विमानतळाच्या मागणीकडे पाहावे, असे मला वाटते. मराठवाड्याला विमान नकोच, असे माझे म्हणणे नाही. लातूरचा विमानतळ १९९१ साली बांधला गेला. २००९ साली लातूर, नांदेड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), बारामती व यवतमाळ हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. लातूरला नियमित प्रवासी सेवा काही टिकली नाही. नांदेडचा विमानतळ २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नव्याने सजला, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची जी पहिली विमाने निघाली त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. पुढे ती विमान कंपनीही बंद पडली. विमान येते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते आणि काही वर्षांनी धावपट्टीवर पुन्हा शुकशुकाट होतो, हे आपण एकदा नव्हे तर अनेकदा पाहिले आहे. लहान गावी विमान टिकायचे तर रोज ते भरेल इतके प्रवासी लागतात आणि तेवढे भाडे देणारे खिसे लागतात.

शिवाय मुरुडच्या माणसाने मुंबईचे विमान धरण्यासाठी नांदेडला जायचे म्हटले, तर आधी लातूर ओलांडून पूर्वेकडे, म्हणजे मुंबईच्या नेमक्या उलट दिशेला, अर्धा दिवस प्रवास करावा लागेल. मग ज्या रस्त्याने आला त्याच्याच डोक्यावरून उडत परत यायचे! तेवढ्या वेळात तो बसने पुण्याच्या जवळ पोहोचला असता. तरी सभांमधून ‘मुंबई एका तासावर’ असे म्हटले की टाळ्या पडतात. आमच्या स्पर्धेतल्या टाळ्या मला त्याच जातीच्या वाटतात.

खरे पाहता आपल्या लोकांचे अंतर वाहनांनी जितके कमी केले, तितकेच कचेऱ्या जवळ आल्याने कमी झाले. ऑगस्ट १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) आले. त्याआधी जमिनीच्या वादासाठी आपल्या शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, आणि जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबादचे खेटे थांबले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला निघाले, पण आमच्या भागाला जवळचे विद्यापीठ मिळाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला. त्या दिवशी एकही नवी गाडी सुरू झाली नव्हती, एकही रूळ नवा टाकला नव्हता, तरी गुणपत्रिकेतली नावाची चूक दुरुस्त करायला लागणारा वेळ दोन दिवसांवरून एका दिवसावर आला. लंडन–पॅरिसच्या आकड्यांत ही गोष्ट कोठेच दिसत नाही, कारण तेथे जाणारा माणूस हौसेने किंवा व्यापाराला जातो. आपला माणूस बहुधा कागदासाठी जातो.

येथवर मी नकाशाच्या आधाराने लिहिले. आता लिहिणार आहे ते घरचे आहे, म्हणून जरा संकोच वाटतो.

माझ्या चुलत बहिणीला, आम्ही तिला ताई म्हणतो, बारावीला फार चांगले गुण मिळाले होते. पुण्याच्या एका महाविद्यालयात तिचा प्रवेश ठरला. वसतिगृहाच्या यादीतही नाव होते. घरात तीन दिवस बोलणी झाली. चौथ्या दिवशी आबा अंगणात बाजेवर बसून म्हणाले, ‘पुणं लई लांब हाय, माय. रातीअपराती काय झालं तर आमी कवा पोचावं?’ आबांचा ताईवर फार जीव. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. ताई गेली नाही. दोन वर्षांनी तिच्या धाकट्या भावाला, आमच्या दादाला, पुण्यात प्रवेश मिळाला, तोही तिच्याहून कमी गुणांवर. आबांनी त्याला बसस्टँडवर सोडताना शेजाऱ्यांना सांगितले, ‘कुठं लांब हाय? रातीला बसलं की सकाळी पुण्यात.’

तीच रात्र, तोच रस्ता. दोन वर्षांत पुणे काही जवळ आले नव्हते.

मी आबांना दोष देत नाही. त्यांनी अंतर मोजले ते आपल्या काळजाच्या पट्टीने. ताईला परत यावेसे वाटले तर तिला एकटीला सुखरूप येता येईल काय, हे त्यांचे माप होते, आणि त्या मापाने पुणे खरोखरच लांब होते. दादाच्या बाबतीत त्यांना हा प्रश्नच पडला नाही. भूगोलाच्या पुस्तकात एका गावाचे दुसऱ्या गावापासून एकच अंतर दिलेले असते. आमच्या घरात ते दोन निघाले. ताईचे पुढे लग्न झाले. ती सुखात आहे. पण माझी गुणपत्रिका पाहताना तिने एकदा विचारले, ‘तुला किती वाजता परत यावं लागतं गं?’ तिने विषयांचे गुण विचारले नाहीत.

तर माझा प्रवास सांगते. आमचे गाव मुरुडपासून सात किलोमीटर. ताईला पुणे लांब पडले, मला लातूर लांब पडले, म्हणून मी मुरुडच्या या महाविद्यालयात आले. त्याचे मला दुःख नाही, इथल्या शिक्षकांनी मला नकाशा वाचायला शिकवले. सकाळी गावाहून गाडी मिळते. संध्याकाळी मात्र गाडीचा नेम नाही. ती आली तर पाचच्या आत येते, नाही तर येत नाही. मग काळी-पिवळी. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरते तेव्हा आत बसलेल्या मुलीला पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. सात किलोमीटरला कधी वीस मिनिटे लागतात, कधी दोन तास. दोन तासांत लंडनचा माणूस जवळजवळ पॅरिसला पोहोचतो. विनोद म्हणून हे चांगले आहे, पण आई तेवढा वेळ वेशीजवळ उभी असते.

शासनाने मुलींसाठी काही केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत प्रवासाचा पास मोफत मिळतो. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली केवळ त्या पासामुळे बारावीपर्यंत आल्या. मार्च २०२३ पासून महिलांना बसचे भाडेही निम्मे झाले. ज्या दिवशी हे जाहीर झाले त्या दिवशी आमच्या वर्गात आनंद झाला होता. पण भाडे निम्मे झाले म्हणून संध्याकाळची गाडी एक तास उशिरापर्यंत थांबू लागली नाही. पैशाचे अंतर घटले, वेळेचे आहे तिथेच राहिले. आमच्या गावात ज्या मुलींचे शिक्षण बारावीनंतर थांबले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी मी गेले आहे. ‘परवडत नाही’ असे थोड्या म्हणाल्या. ‘येताना गाडी नसते’ असे अधिक म्हणाल्या.

माझ्या मते आपल्या भागातल्या अंतराचा प्रश्न येथून धरायला हवा. मुंबई सव्वा तासावर आणण्याआधी मुरुडभोवतालची पंधरा-वीस खेडी संध्याकाळी सहानंतरही मुरुडला जोडलेली राहतील, एवढे झाले पाहिजे. त्याला धावपट्टी लागत नाही. दोन-तीन गाड्या, एक ठरलेली वेळ, आणि ती वेळ पाळली जाईल याची खात्री, एवढेच लागते. मुंबईच्या गाडीत आणखी डबे जोडले जावेत हेही मी आनंदाने मागेन, कारण आजाऱ्याला घेऊन जाणारा आणि नोकरीच्या मुलाखतीला जाणारा, दोघेही त्याच गाडीत उभे असतात. विमान त्यानंतर येऊ दे. रोज सायंकाळी सात किलोमीटरसाठी ताटकळणाऱ्या मुलीला आकाशातून जाणारे विमान दाखवून ‘बघ, आपण किती जवळ आलो’ असे कोणी म्हणाले, तर तिने काय उत्तर द्यावे?

यावर काहीजण म्हणतील, की गाडी व विमान यांच्यात वैर कशाला लावता, दोन्ही मागा. एका प्राध्यापकांनी हा लेख वाचून मला तसे म्हटलेही. मला ते मान्य आहे. पण मागणाऱ्यांची दमछाक ठरलेली असते. निवेदन द्यायला जाणारे लोक तेच, वर्तमानपत्रात बातमी छापणारे तेच, आणि साहेबांच्या टेबलावर जागाही तेवढीच. मोठी मागणी टेबलावर आली की लहान मागणी तिच्याखाली दबते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गेल्या जुलैत आम्ही मुलींनी संध्याकाळच्या गाडीसाठी एक अर्ज लिहिला. अर्जाला प्रत्येकीने आपले गाव आणि मुरुडपासूनचे अंतर लिहिले. कोणाचे चार किलोमीटर, कोणाचे अकरा. साहेब चांगले होते. त्यांनी अर्ज वाचला, गावांची नावे पाहिली आणि म्हणाले, ‘ही तर सगळी जवळचीच गावं आहेत.’

अर्ज अजून तेथेच आहे. तिसऱ्या वर्षाचा शेवटचा तास चार पन्नासला संपतो. आमच्या गावच्या तिघीजणी तो अर्ध्यावर सोडून साडेचारलाच निघतात. सरांनी आम्हाला दाराजवळच्या बाकावर बसण्याची परवानगी दिली आहे, म्हणजे उठताना इतरांना त्रास होत नाही.